भाड्यात हप्ता भागतो का, दादा?

‘फक्त ५१ हजार टोकन द्या सर. बाकीचं बँक बघते, भाडेकरू आम्ही बघतो. भाड्यात हप्ता सुटतो. तुम्हाला काही करायचंच नाहीये.’

दिवाळीनंतरच्या एका रविवारी माझा मावसभाऊ पुनावळ्यातल्या एका सँपल फ्लॅटमधून हे ऐकून बाहेर पडला, तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा होता. दादा २६ वर्षांचा आहे. हिंजवडीत आयटीत नोकरी, हातात ६२ हजार पगार आणि वाकडमध्ये तिघांत मिळून भाड्याचा फ्लॅट. त्याच्या टीममधल्या दोघांनी ‘इन्व्हेस्टमेंट’ म्हणून वन बीएचके बुक केलेत. त्यामुळे आपणच मागे राहिलो, असं त्याला वाटायला लागलं होतं. मी सोबत गेले होते ती खरं तर नंतरच्या मिसळीसाठी. पण मिसळीच्या टेबलावर त्यानं सांगितलं की डाउन पेमेंटसाठी काकांचे रिटायरमेंटचे पैसे घ्यायचं ठरतंय. तिथे मला मिसळ जरा जास्तच तिखट लागली.

काका मागच्याच वर्षी एसटीतून रिटायर झाले. कराडचं घर सोडलं तर त्यांच्याकडे आहे ते एवढंच. मग आम्ही ब्रोशर उलटं केलं, वेटरकडून पेन मागून घेतलं आणि हिशेब मांडायला बसलो. तुमच्यापैकी कुणी ‘एक फ्लॅट घेऊन भाड्यानं द्यावा’ या विचारात असेल, तर हा हिशेब तुमच्याही कामाचा आहे. आकडे दादाचे आहेत, तुमचे तुम्ही घाला.

किंमत ५० लाख, म्हणजे नक्की किती?

फ्लॅटची किंमत ५० लाख. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० ते ७५ लाखांच्या गृहकर्जात बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ८० टक्के देऊ शकते. म्हणजे ४० लाख कर्ज आणि १० लाख आपले. दादानं इथपर्यंतचा हिशेब केलेला होता. गाडी अडली ती याच्या पुढे.

पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिका हद्दीत स्टॅम्प ड्युटी सगळे अधिभार धरून ७ टक्के पडते. म्हणजे साडेतीन लाख. ही ड्युटी करारातली किंमत आणि सरकारी रेडी रेकनरची किंमत यांपैकी जी जास्त असेल तिच्यावर लागते. घर फक्त महिलेच्या नावावर घेतलं तर १ टक्का सवलत मिळते, म्हणजे इथे ५० हजार वाचतात. नोंदणी फी १ टक्का, पण कमाल ३० हजार. बिल्डिंगचं काम अजून सुरू असल्यामुळे जीएसटी आला. पुण्यात ४५ लाखांपर्यंतच्या आणि ९० चौरस मीटरपर्यंत कार्पेट असलेल्या घराला तो १ टक्का असतो, त्याच्या वर ५ टक्के. आपला फ्लॅट ५० लाखांचा, म्हणून अडीच लाख. कम्प्लिशन सर्टिफिकेट मिळालेलं तयार घर घेतलं तर जीएसटी लागत नाही.

बेरीज केली. वरचा खर्चच ६ लाख ३० हजार. हे पैसे साधारणपणे आपल्याच खिशातून जातात, कारण स्टॅम्प ड्युटी आणि नोंदणी हे खर्च कर्जासाठीच्या किमतीत धरले जात नाहीत. म्हणजे सुरुवातीलाच आपले १६ लाख ३० हजार हवेत. पंखे, गिझर, किचन ट्रॉल्या, खिडक्यांच्या ग्रिल यांचा अजून हिशेबच नाही. दादाची बचत ६ लाख. उरलेले काकांचे.

भाडं किती येईल, हे कुणाला विचारायचं?

सेल्सवाल्यानं ‘आरामात २० हजार’ असं सांगितलं होतं. इथे एक साधी युक्ती करून बघा. आपण सगळे आयुष्यभर भाडेकरूच तर आहोत, मग भाडेकरू बनूनच फोन करा. दादानं त्याच भागातल्या दोन एजंटांना फोन लावला. ‘वन बीएचके घ्यायचाय, भाड्यानं किती येईल?’ असं विचारल्यावर उत्तर आलं, ‘२० पकडा.’ दहा मिनिटांनी मी माझ्या फोनवरून लावला. ‘वन बीएचके भाड्यानं पाहिजे, आम्ही दोघी आहोत.’ उत्तर आलं, ‘१६ मध्ये देतो मॅडम, बसून बोलू.’

परिसर तोच, फ्लॅटही तसाच. फरक महिन्याला ४ हजारांचा.

वॉचमनकाकांशी पाच मिनिटं बोलणंही फार उपयोगी पडतं. किती फ्लॅट रिकामे आहेत, पाण्याचे टँकर किती येतात, बॅचलर्सना देतात का, लोक वर्षभरात सोडून का जातात, हे कोणत्याच ब्रोशरवर छापलेलं नसतं. ज्या घरात तुम्ही स्वतः भाडेकरू म्हणून राहायला तयार होणार नाही, ते विकत घेऊन दुसऱ्याला कसं देणार?

ब्रोशरच्या मागचा हिशेब

१६ हजार भाडं धरलं तर वर्षाचे १ लाख ९२ हजार. पण बारा महिने भाडं येतच नाही. एक भाडेकरू जातो, रंग मारायचा असतो, दुसरा मिळेपर्यंत वेळ जातो. एक महिना रिकामा धरला की राहिले १ लाख ७६ हजार. त्यातून मेंटेनन्स महिना अडीच हजार, म्हणजे वर्षाला ३० हजार. मालमत्ता कर अंदाजे ८ हजार. एजंटचं कमिशन, नळ, वायरिंग, रंग मिळून १२ हजार. हातात उरतात १ लाख २६ हजार, म्हणजे महिन्याला साडेदहा हजार.

आता हप्ता. ४० लाख, २० वर्षं, व्याज साडेआठ टक्के धरलं तर ईएमआय होतो साधारण ३४ हजार ७०० रुपये. पहिल्या हप्त्यातले २८ हजारांहून जास्त नुसतं व्याजच असतं.

३४ हजार ७०० वजा साडेदहा हजार. दर महिन्याला दादाच्या पगारातून जाणार २४ हजार २००.

वेटर बिल घेऊन आला तरी आमच्यात कुणी बोलत नव्हतं.

शिवाय पझेशन दीड वर्षानं. तोपर्यंत भाडं शून्य, पण बँकेनं बिल्डरला जेवढी रक्कम दिली असेल तेवढ्यावरचं व्याज भरावं लागतं. आणि स्वतःचं वाकडचं भाडं आहेच.

या हिशेबातून एक टक्केवारी निघते, तिला म्हणतात रेंटल यील्ड. वर्षाचं भाडं भागिले घराची एकूण किंमत. वरवर बघितलं तर १.९२ भागिले ५०, म्हणजे ३.८ टक्के. पण सगळा खर्च वजा करून आणि टॅक्ससकट ५६ लाख ३० हजार किमतीवर बघितलं तर जेमतेम सव्वादोन टक्के. साडेआठ टक्क्यांनी पैसे उधार आणायचे आणि ते सव्वादोन टक्क्यांवर लावायचे, असा हा व्यवहार आहे. भाड्यात हप्ता सुटतो हे वाक्य इथेच फसतं.

‘पण भाव वाढतात ना!’

दादाचा हा मुद्दा अगदीच चुकीचा नाही. घराची किंमत वाढू शकते, भाडंही वाढतं, आणि व्याजदर फारसा हलला नाही तर हप्ता जवळपास तेवढाच राहतो. हळूहळू दरी कमी होते. पण किती हळू? भाडं दर वर्षी ५ टक्क्यांनी वाढलं, तरी १६ हजारांचे ३४ हजार ७०० व्हायला साधारण १६ वर्षं लागतात. दादा तेव्हा ४२ चा असेल.

घराचे भाव वाढण्यावर पैसे लावायचे असतील तर जरूर लावा, पण मग ते भाड्याचं उत्पन्न नाही, भाववाढीवरचा डाव आहे, हे स्वतःशी कबूल करा. तो डाव लागेपर्यंत २४ हजार २०० दर महिन्याला भरायची ताकद हवी. शिवाय फ्लॅट म्हणजे एफडी नाही. नोकरी गेली म्हणून त्याची फक्त एक खोली विकता येत नाही. विकताना गिऱ्हाईक मिळायला वेळ लागतो आणि दोन वर्षांनंतर विकलं तर नफ्यावर साडेबारा टक्के कर आहे.

टॅक्स वाचतो, असंही सांगितलं जातं. भाड्यानं दिलेल्या घराच्या उत्पन्नातून ३० टक्के सरसकट वजावट मिळते आणि कर्जाचं व्याजही वजा होतं. त्यामुळे सुरुवातीची वर्षं भाड्यावर कर लागत नाही, हे खरं आहे. पण व्याज भाड्याहून जास्त झालं आणि ‘तोटा’ दिसला, तर नव्या करप्रणालीत तो पगारातून वजा करता येत नाही. जुन्या प्रणालीत वर्षाला २ लाखांपर्यंत करता येतो. तुम्ही कोणत्या प्रणालीत आहात, हे न विचारता कुणी टॅक्स वाचवून देत असेल तर सावध राहा.

मालक होणं हेही एक काम आहे

कर्वेनगरमध्ये आम्ही चौघी ज्यांच्याकडे भाड्यानं राहतो, त्या काकूंना हा सगळा किस्सा सांगितला. त्या गेली पंधरा वर्षं वरचा मजला भाड्यानं देतात. त्या हसल्या आणि म्हणाल्या, ‘अगं, २०२० च्या मार्चमध्ये मुली गावी गेल्या, त्या आल्याच नाहीत. आठ महिने वर कुलूप होतं. माझ्यावर कर्ज नव्हतं म्हणून झोप लागली.’

काकूंकडून शिकलेल्या आणि नंतर मी तपासून घेतलेल्या काही गोष्टी सांगते. ‘११ महिन्यांचा करार असला की नोंदणी लागत नाही’ हा समज महाराष्ट्रात चुकीचा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ नुसार लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मग तो कितीही महिन्यांचा असो. ही जबाबदारी मालकाची आहे. ती पाळली नाही तर ५ हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि करार नोंदवलेला नसेल तर अटींबाबत भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं.

खर्च तसा फार नाही. स्टॅम्प ड्युटी एकूण भाड्याच्या पाव टक्का, त्यात डिपॉझिटवरचं १० टक्के दरानं काढलेलं व्याजही धरतात. १६ हजार भाडं आणि ५० हजार डिपॉझिट असलेल्या ११ महिन्यांच्या करारावर ती पाचशेच्या आत बसते. महापालिका हद्दीत नोंदणी फी १ हजार. ऑनलाइन नोंदणी आधार आणि अंगठ्यावर घरबसल्या होते. भाडेकरूची माहिती पोलिसांनाही ऑनलाइन देता येते. करार नोंदवलेला असेल आणि मुदत संपूनही कुणी घर सोडत नसेल, तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते, आणि राहिलेल्या काळासाठी दुप्पट दरानं भरपाईही मिळू शकते.

सोसायटी भाडेकरू ठेवल्याबद्दल जास्तीचे पैसे मागत असेल, तर त्यालाही मर्यादा आहे. नॉन ऑक्युपन्सी चार्जेस सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाहीत, असा राज्य सरकारचा २००१ चा आदेश आहे.

आणि एक विनंती. उद्या मालक झालात तर ‘बॅचलर्स नॉट अलाउड’ची पाटी लावू नका. आपण तिच्यापायी किती वणवण केलीये, ते लक्षात असू द्या.

मग सुरुवात करायची कुठून?

‘म्हणजे आपण कधी घ्यायचंच नाही का?’ दादानं जरा चिडूनच विचारलं. तसं अजिबात नाही. पण पहिली पायरी सँपल फ्लॅटमध्ये नसते.

पहिलं म्हणजे यील्ड आधी, बाथरूमच्या टाइल्स नंतर. चकचकीत नव्या टॉवरपेक्षा कॉलेज, हॉस्पिटल किंवा मेट्रो स्टेशनजवळचा जुना, छोटा, रिसेलचा वन आरके कधी कधी किमतीच्या मानानं जास्त भाडं देतो. जीएसटी नाही, पझेशनची वाट नाही, आणि आत्ता कोण किती भाडं देतंय ते डोळ्यांनी बघता येतं. आधीच्या व्यवहारांची सूची २ काढून बघितली तर शेजारचा फ्लॅट किती किमतीला नोंदवला गेला, तेही कळतं. जुन्या घरात मात्र सोसायटीची थकबाकी आणि टायटल वकिलाकडून तपासून घ्या. ते पैसे वाचवू नका.

दुसरं, नवीनच घ्यायचं असेल तर महारेराचा नंबर आधी बघा. आता जाहिरातीवर क्यूआर कोड छापणं बंधनकारक आहे. तो स्कॅन केला की प्रकल्प कधी पूर्ण करायचं वचन दिलंय, मंजुऱ्या काय आहेत, कोर्टात काही सुरू आहे का, ते दिसतं. नोंदणीकृत करार होण्याआधी बिल्डर किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेऊ शकत नाही. आणि भाव कार्पेट एरियावरच विचारा.

तिसरं, घरचं घर विसरू नका. आपल्यातल्या कित्येकांची गावाकडे, तालुक्याच्या ठिकाणी, कॉलेजच्या किंवा एमआयडीसीच्या जवळ घरं आहेत. तिथे एक खोली नीट करून, वेगळं टॉयलेट काढून ती भाड्यानं देणं हीसुद्धा गुंतवणूकच. इन्स्टाग्रामवर टाकण्यासारखी नाही, पण ४० लाखांच्या कर्जाशिवाय होणारी.

चौथं, रीट. म्हणजे अनेकांचे पैसे एकत्र करून ऑफिसच्या इमारती किंवा मॉल घेणारा ट्रस्ट. शेअरसारखे त्याचे युनिट डिमॅट खात्यातून विकत घेता येतात, अगदी एकसुद्धा. सेबीच्या नियमानुसार रीटला किमान ८० टक्के पैसे भाडं देणाऱ्या तयार मालमत्तेत ठेवावे लागतात आणि वाटण्याजोग्या रकमेपैकी किमान ९० टक्के युनिटधारकांना वाटावी लागते. देशातला पहिला रीट एम्बसीचा, २०१९ मध्ये शेअर बाजारात आला. हिंजवडीतली काही ऑफिस पार्क त्याच्याकडे आहेत, तर औंधचा वेस्टएंड मॉल नेक्सस या रीटकडे. युनिटचा भाव खालीही जातो, त्यामुळे ही एफडी नव्हे. पण भाडं देणारी मालमत्ता कशी चालते, हे काही शे रुपयांत शिकायला मिळतं. आणि मध्यरात्री गळणारा नळ बदलायला कुणी फोन करत नाही.

आधी हप्ता, मग फ्लॅट

यापेक्षाही महत्त्वाचं म्हणजे तालीम. दादाचा आकडा होता २४ हजार २००. काकू म्हणाल्या, ‘त्याला सांग, सहा महिने तो हप्ता भरून बघ. बँकेला नाही, स्वतःला.’ दादानं वेगळं खातं उघडलं आणि दर महिन्याच्या पाच तारखेला तेवढे पैसे आपोआप तिकडे जातील अशी सोय केली. नियम एकच, त्या खात्याला हात लावायचा नाही. जमलं तर सहा महिन्यांत १ लाख ४५ हजार हाताशी. फ्लॅट रिकामा राहिला तर चार हप्ते भरता येतील एवढे. नाही जमलं तर ५१ हजारांच्या टोकनशिवायच कळलं.

पहिले दोन महिने दादा भलताच खूश होता. तिसऱ्या महिन्यात मित्राचं लग्न, बाइकचा इन्शुरन्स आणि मावशीच्या डोळ्यांचं ऑपरेशन एकदमच आलं. त्या महिन्यात खात्यात गेले फक्त १५ हजार. बँक असती तर हप्ता बाउन्स झाला असता, दंड लागला असता, सिबिल स्कोअर पडला असता. इथे फक्त त्याचं त्याला कळलं. चौथ्या महिन्यापासून त्यानं आकडा १८ हजारांवर आणलाय आणि त्या आकड्यात बसेल असं जुनं घर शोधतोय. शनिवारी-रविवारी तो आता भाडेकरू बनून फोन करतो. आवाजही बऱ्यापैकी बिचारा काढतो.

काकांचे पैसे? त्यातले १० लाख त्यांनी पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले. ८.२ टक्क्यांनी दर तीन महिन्यांना २० हजार ५०० रुपये येतात. मागच्या आठवड्यात पहिलं व्याज जमा झालं, तेव्हा काकांनी दादाला फोन केला. म्हणाले, ‘तुझ्या फ्लॅटच्या आधी माझं भाडं सुरू झालं बघ.’